नऊ सेकंदांची गाडी: रोल केज, फोर-लिंक आणि पहिले रन

९ नोव्हेंबर

गाडी आतून पूर्ण रिकामी झाली. डॅशबोर्ड, सीट, गालिचे, छताचं अस्तर, वायरिंग, सगळं बाहेर. उरलं ते नुसतं खोकं: दोन दारांची युनिबॉडी (बॉडी आणि सांगाडा एकच असलेली), पुढे व्ही-८ ची जागा, मागे अखंड ॲक्सल. गाडी मी बांधणार, चालवणार दादा. गाडी ड्रॅग रेसिंगची, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ पाव मैल धावायच्या शर्यतीची. पाव मैलाला ९.५० सेकंद आणि शेवटाला ताशी १४० मैलांच्या आसपास वेग, हे लक्ष्य.

जो येतो तो आधी इंजिनाबद्दल विचारतो. मी मात्र आज एनएचआरएचं (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेचं) नियमपुस्तक उघडून बसलो, कारण इंजिन मागाहून बदलता येतं. केज, म्हणजे चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा, एकदा वेल्ड झाला की झाला. ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ आला की रोल बार (मुख्यतः चालकामागची नळीची कमान) सक्तीचा. ९.९९ च्या आत आलात, किंवा वेळ कितीही असो पण १३५ मैलांच्या वर गेलात, की पूर्ण रोल केज आणि चासीचं (सांगाड्याचं) प्रमाणपत्र. आपल्या वेगाच्या गाड्यांना ते दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं. ७.४९ आणि त्याहून जलद गाड्यांना दरवर्षी.

बरेच जण "सध्या तर अकराच सेकंद धावतेय" म्हणत रोल बारवर भागवतात आणि पुढच्या मोसमात ताकद वाढवतात. मग जुन्या बारला नळ्या जोडत बसायचं. गाडी आज किती धावते यापेक्षा ती जास्तीत जास्त किती धावू शकेल, त्या आकड्यासाठी सांगाडा बांधावा. आम्ही ८.५० पर्यंत चालेल असाच केज करतोय. त्याच्या आत गेलं की एसएफआयचं (रेसिंगच्या साधनांची सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं) वेगळं मानक लागू होतं. तिकडे जायचा विचार नाही.

१५ नोव्हेंबर

सगळ्यात आधी सीट. नियमपुस्तकातली केजची मापं वाचली की एक गोष्ट लगेच कळते: त्यातली बहुतेक मापं गाडीवरून घेतलेलीच नाहीत. ती बसलेल्या चालकावरून घ्यायची आहेत. मुख्य हूप (चालकामागची कमान) हेल्मेटच्या वर किमान ३ इंच. डोक्याच्या मागून किंवा बाजूने ६ इंचांच्या आत. दाराकडची आडवी नळी खांदा आणि कोपर यांच्या मधोमध जायला हवी. खांद्याचे पट्टे ज्या आडव्या नळीला बांधायचे ती खांद्याच्या वर नको आणि खाली ४ इंचांपेक्षा जास्त नको. चालक बसल्याशिवाय यातलं एकही माप घेता येत नाही.

म्हणून दादाला सूट, बूट, हेल्मेट, मानेचं उपकरण, सगळं घालून बसवला. सीट तात्पुरती लाकडी ठोकळ्यांवर. गुडघे किंचित वाकलेले, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही पाठ सीटला टेकलेली, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकेल इतकं अंतर. सीट मूळ जागेपेक्षा सव्वा इंच खाली आणि बरीच मागे गेली. खाली जाण्याचा दुहेरी फायदा: डोक्यावर जागा वाढते आणि गाडीचा गुरुत्वमध्यही थोडा उतरतो.

साध्या कपड्यांत माप घेऊन केज बांधणारे मी पाहिलेत. पाच पदरी सूट आणि हेल्मेट चढवलं की माणूस दीड-दोन इंचांनी वाढतो, आणि ३ इंचांचे सव्वा इंच उरतात.

२४ नोव्हेंबर

नळ्या आल्या. पर्याय दोन होते. माइल्ड स्टील घेतलं तर केजसाठी १ ५/८ इंच बाहेरचा व्यास आणि भिंत किमान ०.११८ इंच. ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) घेतली तर तोच व्यास, भिंत ०.०८३. वजनात फरक मोठा आहे: माइल्ड स्टील फुटाला सुमारे १.९ पौंड, क्रोमोली सुमारे १.३७. एवढ्या केजमध्ये पन्नासेक पौंड वाचतात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त कमरेच्या वरचे. आम्ही क्रोमोली घेतली.

क्रोमोलीची अट अशी की वेल्डिंग टिगनेच (टंगस्टनच्या टोकाने, भरणीची तार हाताने देत) करायचं. माइल्ड स्टीलला मिग (तार यंत्रातून आपोआप येणारं वेल्डिंग) चालतं. ज्याच्याकडे टिगचा सराव झालेला हात नाही त्याने माइल्ड स्टील घ्यावं, मनापासून सांगतो. पन्नास पौंड जास्तीची पण नीट जोडलेली नळी केव्हाही बरी.

मुख्य हूपसाठी ०.०९५ ची नळी मागवली. नळी वाकवली की वळणाच्या बाहेरच्या अंगाची भिंत ताणली जाऊन पातळ होते. तपासनीस अल्ट्रासॉनिक यंत्र लावून जाडी मोजतात. नेमकी ०.०८३ ची नळी वाकवून काठावर बसण्यात अर्थ नाही. आल्या आल्या प्रत्येक नळी दोन्ही टोकांना आणि मध्ये कॅलिपर व यंत्राने मोजली, आकडा खडूने नळीवरच लिहिला. एक नळी हव्या त्या जाडीपेक्षा पातळ निघाली. ती बाजूला ठेवली, तिचे ब्रॅकेट होतील.

७ डिसेंबर

हूप, पुढचे खांब आणि छताची चौकट आज टाक्यांवर, म्हणजे वेल्डच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर, उभी राहिली. नळीच्या तोंडाला खाच घेताना फट शून्य हवी. कागद शिरला तर खाच पुन्हा घासायची. टिगच्या जोडात फट भरायला धातू जास्त ओतावा लागतो, उष्णता वाढते, आणि नळी जोडाच्या शेजारी कडक होते. तडा तिथेच जातो, जोडात क्वचितच.

मोठी अडचण छताजवळ येते. हूपचा माथा छताच्या पत्र्याला जवळजवळ चिकटलेला असतो, जोडाच्या वरच्या अंगाला टॉर्च पोचतच नाही. पुष्कळ गाड्यांत तिथे तीन बाजूंनी सुबक वेल्ड आणि चौथ्या बाजूला नुसता टाका असतो. खालून दिसत नाही. उपाय जुना आहे: हूप आणि पुढचे खांब जिथे जमिनीला टेकतात तिथे पत्र्याला भोकं पाडायची, अख्खी चौकट सहा-सात इंच खाली सोडायची, वरचे जोड पूर्ण गोलाकार मारायचे, मग चौकट वर उचलून खाली प्लेट बसवायच्या. दिवस मोडतो, पण प्रत्येक जोड सगळीकडून डोळ्यांनी पाहता येतो. आरसा धरून मी आणि वेल्डिंगवाल्या मित्राने एकेक जोड तपासला.

प्लेट ६ बाय ६ इंच, एक सूत (१/८ इंच) जाडीच्या. युनिबॉडीत केजचा भार पातळ फरशीवर उभा राहता कामा नये. तो दाराखालच्या पेटीसारख्या उंबऱ्यावर जायला हवा. म्हणून प्लेट काटकोनात वाकवून अर्धी फरशीवर, अर्धी उंबऱ्यावर चढवली. नुसत्या फरशीवरची नळी उलटलेल्या गाडीत पत्रा फाडून खाली जाते, आणि तेवढीच हूपची उंची कमी होते.

२० डिसेंबर

मागचे आधार हूपच्या माथ्यापासून ५ इंचांच्या आत जोडले. खाली ते थेट मागच्या शॉकच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) आडव्या नळीवर उतरतात. इथे केज आणि चासी एकच होते. फोर-लिंकच्या (मागचा ॲक्सल धरणाऱ्या चार बारांच्या) पुढच्या ब्रॅकेटपासून हूपच्या पायापर्यंत, तिथून मागच्या शॉकपर्यंत त्रिकोण पूर्ण झाले. पूर्वी जॅक एका कोपऱ्याला लावला की दाराची फट डोळ्यांदेखत बदलायची. आज मागचा उजवा कोपरा उचलला तर पुढचं उजवं चाक लगेच हललं, दार मात्र सहज उघडमीट झालं. सांगाडा वळत असेल तर शॉकची एक क्लिक (ताठरपणाची एक पायरी) काय करते ते कधीच कळत नाही, कारण खरी स्प्रिंग मग बॉडीच असते.

वेल्डवर ग्राइंडर फिरवायचा नाही. नियमातच मनाई आहे. घासलेला वेल्ड गुळगुळीत दिसतो आणि किती आत गेलाय ते लपवतो.

वेल्डिंग करताना कार्यशाळेची दारं बंद, पंखा बंद. क्रोमोली आपोआप सावकाश थंड व्हायला हवी. ओला फडका लावायचा मोह कोणालाही होऊ नये म्हणून पाण्याची बादलीच बाहेर ठेवली.

११ जानेवारी

चालकाभोवतीच्या वस्तूंचा महिना.

पट्टे एसएफआय १६.१ चे, ३ इंची. तारखेपासून दोन वर्षांनी ते बाद होतात, दिसायला कोरे असले तरी. ऊन आणि घाम यांनी धाग्याची ताकद हळूहळू जाते. कमरेचा पट्टा पोटावर नको, ओटीपोटाच्या हाडावर खाली बसायला हवा. मांड्यांमधला पट्टा तो वर सरकू देत नाही. हे नीट बसवायला सबंध दुपार गेली, कारण सीटच्या बाजूची भोकं थोडी वर होती आणि पट्टा त्यांच्या कडेवर घासत होता. भोकं खाली वाढवून कडांना रबर लावलं.

केजच्या नळ्यांना हेल्मेट लागू शकेल तिथे एसएफआय ४५.१ चं पॅडिंग. हे कडक असतं, बोटाने दाबलं तर जेमतेम दबतं, आणि म्हणूनच उपयोगाचं. मऊ फोम हाताला बरा वाटतो, पण डोक्याचा आघात त्यातून तसाच नळीपर्यंत पोचतो. २००७ मध्ये गेन्सव्हिलला चाचणीच्या वेळी एरिक मेडलेन या चालकाच्या फनी कारचा (अतिशय ताकदवान ड्रॅग गाडीचा) टायर विलक्षण हादरला, आणि त्या हादऱ्यांत डोक्याला झालेल्या इजेने तो काही दिवसांनी गेला. त्यानंतर त्याच्या संघाने, जॉन फोर्स रेसिंगने, चासी आणि डोक्याभोवतीच्या नळ्या-पॅडिंगचा मुळापासून अभ्यास केला. आमची गाडी त्या ताकदीच्या जवळपासही नाही. तरी डोक्याच्या दोन्ही बाजूंना पॅड लावताना तेच मनात होतं.

मानेसाठी एसएफआय ३८.१ चं उपकरण, आपल्या वर्गात सक्ती असो-नसो. सूटचे आकडे सगळ्यांना ठाऊक असावेत: ३.२ए/१ म्हणजे ज्वाळेत दुसऱ्या दर्जाच्या भाजण्याला सुमारे ३ सेकंद, ३.२ए/५ म्हणजे १०, ३.२ए/१५ म्हणजे ३०. आपल्याला /५ चालतो. दादाला /१५ घ्यायला लावला. पट्टा सोडून, खिडकीची जाळी पाडून, दाराची नळी सारून बाहेर पडायला त्याला किती वेळ लागतो ते डोळे बांधून मोजलं, आणि १० सेकंदांत माझं मन भरेना.

२ फेब्रुवारी

गिअरबॉक्सकडची कामं. फ्लेक्सप्लेट (इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडणारी चकती) एसएफआय २९.१, तिच्यावर ३०.१ चं कवच, गिअरबॉक्सला ४.१ चं आवरण, इंजिनाच्या पुढच्या टोकाला १८.१ चा बॅलन्सर. आकड्यांची ही यादी रुक्ष वाटते. पण ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियात लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या चालकाच्या ड्रॅगस्टरचा (लांब, अरुंद ड्रॅग गाडीचा) गिअरबॉक्स स्टार्ट लाइनवरच फुटला आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्याने मग इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ मध्ये ती घेऊन जिंकायला लागला. आपल्या गाडीत गिअरबॉक्स आजही दादाच्या उजव्या पोटरीला लागूनच आहे. त्यामुळे आवरणाचे पट्टे बांधताना मी घाई केली नाही.

ड्राइव्हशाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला शक्ती नेणाऱ्या दांड्याचा) लूप पुढच्या युनिव्हर्सल जॉइंटपासून ६ इंचांच्या आत, पूर्ण गोल. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुतून गाडी उलटू शकते. लूप ते टोक वर धरून ठेवतो.

बॅटरी मागे डिकीत नेली, दोन तीन-सुती बोल्टांनी. हुकासारखे वाकवलेले बोल्ट चालत नाहीत. बॅटरी मागे गेली की बाहेरून दाबता येणारा मास्टर स्विच आलाच. त्यात एक खोच आहे: स्विच बॅटरी तोडतो, पण अल्टरनेटर इग्निशनला वीज देत राहिला तर इंजिन चालूच राहतं. म्हणून अल्टरनेटरची जाड तार स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला नेली. इंजिन सुरू करून स्विच दाबून पाहिला. त्याच क्षणी बंद. ही परीक्षा तपासनीसही घेतात.

मागच्या चाकांचे स्टड नटात किमान स्वतःच्या व्यासाइतके शिरायला हवेत. अलॉय चाक जाड निघालं, स्टड लांब घातले. बाकी शीतकाची बाटली, थ्रॉटलच्या दोन स्प्रिंगा, न्यूट्रलशिवाय स्टार्ट न होणारा स्विच हे एका संध्याकाळीत उरकलं.

२२ फेब्रुवारी

तपासणी झाली. तपासनिसाने नळ्यांवर यंत्र लावून बऱ्याच ठिकाणी जाडी घेतली, हूपच्या वळणावर दोनदा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला ०.०८३ च्या वर आकडा आला, ०.०९५ ची नळी तिथे कामी आली. दादाला बसवून हेल्मेटपासूनची अंतरंही मोजली. केजला स्टिकर लागला.

८ मार्च

आता चासी. स्टँडवर नाही, गाडी चार वजनकाट्यांवर, काटे एका पातळीत. टाकीत रनच्या वेळी असेल तेवढं इंधन, टायरमध्ये रनचा दाब, आणि सीटमध्ये दादा, पूर्ण पोशाखात. केजसारखंच इथेही चालक बसल्याशिवाय एकही आकडा खरा नाही. तो एका बाजूला बसतो आणि त्याच्या वजनाने चारही काटे हलतात.

एकूण २९०० पौंड, मागे ४८ टक्के.

गुरुत्वमध्याची उंची पुष्कळ जण कॅमशाफ्टच्या उंचीवरून धरतात, आणि तो अंदाज फार चुकत नाही. पण केज आणि खाली गेलेली सीट यांच्यामुळे मला मोजूनच घ्यायची होती. शॉकच्या जागी घट्ट सळ्या लावल्या म्हणजे सस्पेंशन दबणार नाही, आणि पुढची चाकं २० इंच वर उचलली. मागच्या काट्यांवर ३३ पौंड वाढले. व्हीलबेस १०८ इंच. हिशोब केला तर गुरुत्वमध्य ॲक्सलच्या पातळीच्या साडेसहा इंच वर, म्हणजे जमिनीपासून सुमारे २० इंच. ३३ पौंड एवढासा आकडा, काटा दोन पौंडांनी चुकला तरी उत्तर हलतं. म्हणून उलटसुलट दोन्ही बाजूंनी उचलून पडताळलं.

या २० इंचांवर पुढचं सगळं उभं आहे. दीड जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट) प्रवेगाला २९०० पौंडांच्या या गाडीत साधारण ८०० पौंड पुढून मागे सरकतात.

१५ मार्च

मागचा ॲक्सल गुण्यात, म्हणजे गाडीच्या मधल्या रेषेशी काटकोनात, आणला. सांगाड्याच्या पुढच्या दोन ठरावीक भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या, ॲक्सलच्या दोन टोकांच्या खुणा केल्या, कर्ण मोजले. अर्ध्या सुताचा फरक होता, खालच्या बारने काढला. ॲक्सल तिरपा असेल तर पुढे कितीही ॲडजस्टमेंट केली तरी गाडी एका अंगाला चालत राहते, आणि चालक स्टिअरिंग धरून तो दोष झाकत बसतो.

दोन्ही स्लिकचा (खाचा नसलेल्या मागच्या रेस टायरचा) घेरही टेपने मोजला. एकाच जोडीतले टायर घेराने वेगळे निघू शकतात. आपल्या जोडीत एका सुताचा फरक आहे, चालेल.

फोर-लिंक. वरचा आणि खालचा बार पुढे वाढवत नेले तर जिथे मिळतात तो क्षणिक केंद्रबिंदू. मागच्या टायरच्या जमिनीवरच्या ठशापासून निघून पुढच्या ॲक्सलच्या वर गुरुत्वमध्याच्या उंचीला पोचणारी रेषा म्हणजे १०० टक्के. केंद्रबिंदू या रेषेच्या वर असेल तर बॉडी मागून उचलली जाते आणि टायर जमिनीत दाबला जातो. खाली असेल तर गाडी मागे बसते. ॲक्सलपासून ५० इंचांवर आपली रेषा सव्वानऊ इंच उंच आहे. केंद्रबिंदू साडेदहा इंचांवर ठेवला, म्हणजे सुमारे ११३ टक्के. सुरुवातीला जरा जोरदार धक्का चालेल.

पिनियन (ड्राइव्हशाफ्ट ज्याला मिळतो तो ॲक्सलमधला गिअर) ड्राइव्हशाफ्टच्या तुलनेत २ अंश खाली. फोर-लिंकला रबरी बुश नाहीत, यापेक्षा जास्त लागत नाही. लीफ स्प्रिंगवाल्यांना याच्या दुपटीहून जास्त ठेवावा लागतो.

शेवटी प्रीलोड (बारमध्ये मुद्दाम आधीच भरलेला ताण) शून्यावर. दादा सीटमध्ये, गाडी रनच्या उंचीवर. उजव्या वरच्या बारचा पुढचा बोल्ट काढला आणि बारची लांबी अशी केली की बोल्ट दोन बोटांनी सरकून आत गेला. हातोडीची गरज लागली तर ते शून्य नव्हे.

पुढे कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल) ८ अंश, टो-इन (पुढच्या चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या असणं) अर्धा सूत. नाक चार इंच उचलून आणि परत बसवून टो पाहिला, कारण नाक खाली येताना टो बदलला तर गाडी नेमकी जास्त वेगात बाजूला उडी घेते. टायरॉडच्या टोकाखाली एक वॉशर घातला, मग बदल नाहीसा झाला.

६ एप्रिल

ट्रॅकवर पहिला दिवस. फक्त ६० फूट, मग थ्रॉटल सोडायचा. दादाला हे आवडलं नाही, पण ऐकलं. ६० फुटांत चासी जे सांगायचं ते बहुतेक सांगून टाकते.

पहिल्यांदा सुटल्यावर ६० फुटांना १.४२ सेकंद, आणि गाडी उजवीकडे ओढली. अपेक्षितच होतं, प्रीलोड शून्य होता. ड्राइव्हशाफ्टचा पीळ ॲक्सलचं उजवं टोक उचलायला बघतो, डावं दाबतो. डावा टायर जास्त ढकलतो, नाक उजवीकडे जातं. उजवा वरचा बार नटाच्या एका पैलूने आखूड केला. ओढ निम्मी झाली. आणखी एक पैलू, आणि गाडी सरळ गेली. १.३९. बर्नआउटच्या (सुटण्याआधी टायर जागीच फिरवून तापवण्याच्या) जागेपासूनच्या रबराच्या दोन काळ्या पट्ट्या मी वाकून पाहिल्या: आधी डावी गडद आणि उजवी कडेला फिकट होती, आता दोन्ही सारख्या. लॉगरच्या (गाडीतल्या नोंदयंत्राच्या) आलेखाइतकाच हा पुरावा मला महत्त्वाचा वाटतो.

दादा म्हणाला, "थोडं स्टिअरिंगने सांभाळलं असतं की मी." तेच नको होतं. स्टार्टला नाक हवेत असताना वळवलेलं चाक जमिनीला लागतं तेव्हा काय होतं, ते दुसऱ्यांच्या गाड्यांवर आम्ही दोघांनी पाहिलंय.

१२ एप्रिल

निम्म्या ट्रॅकपर्यंत रन. वीसेक फुटांवर टायर हादरला. आलेखात ड्राइव्हशाफ्टचा वेग करवतीच्या दात्यांसारखा. दादाने लगेच पाय उचलला. आधीच ठरलं होतं की हादरा आला तर वाट बघायची नाही, रन गेला तरी चालेल. हादऱ्यात नजर धूसर होते, दाराची काच निखळू शकते, चाकाचे स्टड तुटू शकतात. शक्ती लावून "त्यातून पार जाण्याचा" सल्ला देणारे भेटतात. त्यांचं कारण मला कधी पटलेलं नाही.

व्हिडिओ हळू करून पाहिला. सुटल्यावर बॉडी आणि टायर यांच्यातलं अंतर झपाट्याने वाढतं, टायर दाबला जातो, मग शॉक पूर्ण लांब होऊन थांबतो आणि टायरवरचा भार एकदम कमी होतो. म्हणजे धक्का फार जोरात आणि फार लवकर. दोन उपाय होते: मागच्या शॉकची लांबण्याची गती आवळणं किंवा केंद्रबिंदू पुढे नेणं. एका वेळी एकच बदल. आधी शॉक दोन क्लिक आवळले. हादरा उशिरा आला, गेला नाही.

मग बारची भोकं बदलली. केंद्रबिंदू आता ५८ इंच पुढे, उंची तीच साडेदहा. रेषा तिथे पावणेअकरा इंच आहे, म्हणजे सुमारे ९८ टक्के. पिनियन आणि प्रीलोड पुन्हा शून्यापासून लावले, दादाला परत सीटमध्ये बसवून. भोकं बदलली की हे दोन्ही हलतात, हे विसरून चालत नाही.

हादरा गेला. १.३६.

२६ एप्रिल

पुढचे शॉक. नाक फार झटकन वर येऊन टोकाला आपटत होतं आणि तिथून परत खाली. लांबण्याची बाजू तीन क्लिक आवळल्यावर नाक वर येऊन पहिल्या ६० फुटांपर्यंत वरच राहिलं. १.३३. हात हलके ठेवून सरळ.

पूर्ण पाव मैल: ९.६१, मग ९.५६ आणि १४१ मैल. परवान्याचे रन याच दिवसांत पूर्ण झाले. प्रत्येक रननंतर दादा उतरायच्या आत मी फोर-लिंकचे लॉकनट, चाकांचे नट आणि पट्ट्यांचे हूक पाहतो. डाव्या खालच्या बारचा एक लॉकनट आज किंचित सैल सापडला. खुणेचा रंग लावलेला असल्यामुळे लगेच दिसला.

१० मे

१५० मैलांच्या वर पॅराशूट सक्तीचं. आपण १४१ वर आहोत, पण पुढच्या हिवाळ्यात इंजिनावर काम होणार आहे, आणि थंड हवेत तेवढ्यानेच वेग वाढतो. म्हणून ब्रॅकेट आत्ताच.

पॅराशूटची ओढ गुरुत्वमध्याच्या उंचीतून जायला हवी. खूप वरून ओढलं तर पुढची चाकं हलकी होतात, खूप खालून ओढलं तर मागची, आणि १५० मैलांना मागचं टोक हलकं झालेलं कोणालाच नको. मार्चमध्ये काढलेले २० इंच इथे कामी आले. ब्रॅकेटची नळी डिकीच्या पत्र्यातून आत नेऊन केजचे मागचे आधार जिथे शॉकच्या आडव्या नळीला मिळतात तिथेच जोडली. उघडण्याचा लीव्हर दादाच्या डाव्या हाताशी. पट्टे पूर्ण आवळलेले असताना त्याची बोटं जिथपर्यंत पोचली तिथे खूण केली आणि त्याच्या एक इंच अलीकडे मूठ बसवली.

राहिलेलं काम: ब्रॅकेटचे वेल्ड आणि लीव्हरची केबल. मग गाडी परत काट्यांवर, कारण पॅराशूट आणि ब्रॅकेट मिळून मागच्या टोकाला वजन वाढलंय आणि उजव्या बारचे ते दोन पैलू पुन्हा तपासायला हवेत.